विचारायचं एकदाच

“ही खुर्ची ताईची आहे.”

मी मान वर केली. समोर एक उंच माणूस उभा होता. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, तिथे याने बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर लावला होता. सभागृह अर्ध्याहून जास्त रिकामं होतं, हव्या तेवढ्या खुर्च्या पडल्या होत्या, आणि या गृहस्थांना नेमकी माझीच हवी होती.

“नाव लिहिलंय का तिच्यावर?” मी विचारलं. रविवारची झोप मोडून आले होते, त्यामुळे जिभेला जरा धार होती.

“नाही. पण दाराजवळची, रांगेतली शेवटची खुर्ची मिळाली तरच ती बसते. नाहीतर उभी राहते. मग मलाही उभं राहावं लागतं, आणि… माझे पाय दुखतात.”

इतकं खरं कारण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मला हसू आलं. त्याच्या मागून एक बाई पुढे आली. कानांवर मोठे हेडफोन, नजर माझ्या पर्सच्या पट्ट्यावर.

“तू एकच खुर्ची सरकलीस तरी पुरे,” ती म्हणाली. “मी तुझ्याकडे बघून बोलत नाही म्हणून राग मानू नकोस. मी कोणाकडेच बघत नाही.”

मी सरकले. ताई शेवटच्या खुर्चीत, तिच्या शेजारी मी आणि माझ्या पलीकडे तो. पुढचं सगळं त्या एका खुर्चीएवढ्या सरकण्यातून झालं. तेव्हा मात्र मला एवढंच वाटलं, की चला, निदान पंखा तरी डोक्यावर आला.

मी तिथे का गेले होते ते सांगते. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते आणि माझ्या वर्गात भिंगरी आहे. हे तिच्या आईने ठेवलेलं लाडाचं नाव. आनंद झाला की ती जागच्या जागी गोल फिरते. भिंगरी ऑटिस्टिक आहे. पुस्तक दिलं की भराभरा वाचून मोकळी होते, पण घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरते, आणि काही विचारलं की तोंडाला कुलूप. आमची तिची तिसरी शाळा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेलं आपल्याकडे कोणी नाही. तू घेणार असशील तर भिंगरी राहील. नसशील तर तिच्या आईला चौथी शाळा शोधायला सांगावं लागेल. महिनाअखेरपर्यंत कोर्स ठरव.” फाटकाशी भिंगरीच्या आईने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून मी कोर्स शोधत होते. ऑटिस्टिक मुलांना शाळेत कसं शिकवावं हे शिकवणारे जगात इतके लोक असतील, याची मला कल्पनाच नव्हती. प्रत्येकाची जाहिरात सारखीच, सगळीकडे तीच हसरी मुलं.

स्टेजवरचे सर आपल्या कोर्सची माहिती द्यायला लागले. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. काही शनिवार-रविवार यायचं, पडद्यावर बघायचं, शेवटी प्रमाणपत्र घेऊन फोटो काढायचा. माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं अंतर. मी मनातल्या मनात नाव नोंदवूनही टाकलं होतं, तेवढ्यात शेजारी ताईचा हात वर गेला.

“तुमच्याकडे शिकवणाऱ्यांत माझ्यासारखं कोणी आहे का? ऑटिस्टिक?”

“फारच छान प्रश्न!” सर म्हणाले. “पुढच्या टप्प्यात आम्ही त्याचा नक्कीच विचार…”

“म्हणजे नाही. आणि शिकायला येणाऱ्यांना खऱ्या वर्गात नेता का?”

“आम्ही अतिशय दर्जेदार व्हिडिओ दाखवतो.”

“म्हणजे तेही नाही. तुमची मधली ट्यूबलाइट गुणगुणते आहे. बदला.” आणि ताई उठून चालू लागली. तिच्या मागे तो उठला. मी का उठले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाहेर व्हरांड्यात माझा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. तो येतच असतो. त्याने हात पुढे केला. “द्या इकडे. मघापासून बघतोय, तुमचं निम्मं लक्ष तो वर ढकलण्यात जातंय.”

“मघापासून बघताय?”

“धंदाच आहे माझा,” तो म्हणाला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघतो.”

खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याने काडीचा स्क्रू पिळला, रुमालाने काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. मी तो घातला. पहिली स्पष्ट दिसलेली वस्तू म्हणजे त्याचा चेहरा. बरा होता. बराच बरा होता, खरं सांगायचं तर.

त्यानेच मग सांगितलं. ताई वाचनालयात काम करते. पुस्तकं जागेवर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. लहानपणी शाळेत तिला शिकवायला असेच घाईघाईने कोर्स केलेले लोक होते. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ म्हणून ते तिची हनुवटी धरून वर करायचे. म्हणून आता असा कोर्स निघाला की ताई बघायला जाते, ते दोन प्रश्न विचारते आणि उठते. गर्दीच्या बसमध्ये सोबत हवी म्हणून तो येतो.

नाकावर घट्ट बसलेला चष्मा मी पुन्हा वर ढकलला. कारण “भिंगरी, माझ्याकडे बघ” हे मी रोज म्हणत होते.

“तुलाही कोर्स निवडायचाय का?” ताईने विचारलं. “मग आमच्याबरोबर ये. मी उठले की समजायचं, हा नाही.”

पुढचा कोर्स घरबसल्या करण्याचा होता. तो बघायला आम्ही त्याच्या दुकानात जमलो, कारण तिथला कॉम्प्युटर माझ्या फोनपेक्षा मोठा होता. निदान मी स्वतःला हेच कारण दिलं. दुकानात चारी भिंतींना आरसे. पडद्यावर एक बाई कुठल्यातरी बागेत बसून वर्ग कसा सांभाळावा ते सांगत होत्या. वर्ग मात्र कुठे दिसत नव्हता.

“उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,” मी म्हणाले.

“तो आरशात तुझ्याकडे बघतोय,” ताई म्हणाली. “सरळ बघितलं तर तुला कळेल म्हणून.”

“ताई!” तो ओरडला.

“काय? खरं नाही का?”

तो उगाचच चांगल्या फ्रेमा पुन्हा पुसायला लागला. मी डावीकडच्या आरशात बघितलं, तर तो. उजवीकडे बघितलं, तरी तोच. मग मीच पडद्यावरच्या बागेकडे नजर लावली. त्या बाई काय म्हणाल्या ते विचारू नका.

तिसरा कोर्स दुसऱ्या गावात होता. सकाळची बस धरून आम्ही तिघं गेलो. एका जुन्या शाळेच्या मागच्या अंगाला चार खोल्या. जाहिरात नाही, हसरी मुलं नाहीत. एक सत्र तिथे राहून शिकायचं, त्यात अर्धा दिवस खऱ्या वर्गात, जाणत्या शिक्षिकेच्या हाताखाली. दुसरं सत्र आपल्याच शाळेत. त्यांच्यातलं कोणीतरी अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसणार आणि काय चुकलं ते सांगणार. ताईने पहिला प्रश्न विचारला तेव्हा टोपी घातलेल्या एका सरांनी खिडकीकडे बघतच हात वर केला. “मी आहे. मंगळवार आणि गुरुवार माझे तास असतात.”

ताई उठली नाही. तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

मग आम्हाला वर्गात मागे बसवलं. शिक्षिकेने एका छोट्या मुलीपुढे दोन खडू धरले आणि विचारलं, “लाल की निळा?” आणि त्या गप्प राहिल्या. मुलगी छताकडे बघत होती. शिक्षिका गप्पच. माझी जीभ वळवळायला लागली. तेवढ्या वेळात माझा मनात तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारून झाला होता, शिवाय “सांग ना बाळा” जोडून. शेवटी मुलीने निळा उचलला, अगदी आरामात.

“काही मुलांना प्रश्न आत पोचायला आणि उत्तर बाहेर यायला वेळ लागतो,” शिक्षिका नंतर म्हणाल्या. “मध्येच आपण पुन्हा विचारलं की सगळं पुसलं जातं, पहिल्यापासून सुरू. म्हणून विचारायचं एकदाच. मग तोंड बंद. भुवया उंचावून घाईसुद्धा करायची नाही.”

“आमच्या घरी हाच नियम,” चष्मेवाला माझ्या कानाशी कुजबुजला. “आणखी वाढू का, हेसुद्धा आई एकदाच विचारते. पाहुणे उपाशी जातात.”

“आमच्याकडे उलटं,” मी म्हणाले. “तीनदा नको म्हटल्याशिवाय नको धरतच नाहीत. आणि पहिल्या खेपेला हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो.”

आम्ही दोघं हसलो. हसताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि दोघांपैकी कोणीही तो बाजूला घेतला नाही. पुढे हेच दोन नियम माझ्या गळ्याशी येणार होते, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं.

परतताना पाऊस लागला. ताई बसस्टॉपच्या आतल्या टोकाला हेडफोन लावून बसली होती. आम्ही दोघं पत्र्याच्या कडेला उभे. पागोळ्या त्याच्या डाव्या खांद्यावर पडत होत्या, कारण उजवीकडे मी कोरडी होते.

“हाच घेणार ना?” त्याने विचारलं.

“घ्यायला हवा. पण एक सत्र इथे येऊन राहायचं… आई एकटी… भिंगरी…”

तो माझ्याकडे वळला. दिवसभर डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला माझ्याकडे बघताना एवढी धडपड का करावी लागावी?

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “तुम्ही इथे असा नाहीतर तिथे… माझ्याशी लग्न कराल?”

मी वर्गात चाळीस मुलांवर आवाज चढवणारी बाई. पण त्या क्षणी माझ्या घशातून सूं की चूं निघालं नाही. मला हो म्हणायचं होतं. तो आता पुन्हा विचारेल, मग म्हणू, असं वाटलं. आमच्या घरचं वळण, दुसरं काय! पण तो नुसता उभा राहिला, शांत. आणि बस आली.

त्याने पुन्हा विचारलं नाही. बसमध्ये नाही, उतरताना नाही.

मी दुकानात खेटे घालायला लागले. कधी काडी सैल झाली, कधी काचेवर ओरखडा आला. तो काडी पिळायचा, ओरखडा नाही म्हणून सांगायचा, चहा मागवायचा. हवापाण्याबद्दल बोलायचा, ताईबद्दल बोलायचा. त्या एका गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. मी बोलता बोलता मुद्दाम थांबून त्याला जागा करून द्यायचे, तर तोही थांबायचा. दोघं आपले थांबलेलो! घरी येऊन मी उशीत तोंड खुपसायचे. पावसात काहीतरी बोलून गेला बिचारा, आता पस्तावतोय, अशी मी स्वतःची समजूत काढली. पण ती निघत नव्हती.

त्यातच महिनाअखेर आली. “चालत जाता येईल असा कोर्स आहे ना, मग परगावी कशाला?” हे आईचं. “फाइलीत प्रमाणपत्र लागलं म्हणजे झालं,” हे मोठ्या बाईंचं. दुधाची तहान ताकावर, हे मला कळत होतं. पण गाव सोडलं नाही तर दुकान जवळ राहील, आणि कदाचित तो पुन्हा विचारेल, असंही एक मन म्हणत होतं. खोटं कशाला बोलू? त्या गुळगुळीत सरांना लावायला मी एकदा फोन हातातही घेतला होता. भिंगरीच्या आईचा हात आठवला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात भिंगरी पुन्हा बाकाखाली गेली. मी तिला माझ्या टेबलासमोर, खिडकीशी बसवत आले होते. बाईंच्या नजरेसमोर बरी म्हणून. घंटा थांबली, ती वर आली. मला त्या वर्गातले दोन खडू आठवले. मी तिच्या बाजूला खाली बसले, तिच्याकडे न बघता.

“भिंगरी, तुला इथे बसायचंय की दाराजवळ?”

आणि तोंड बंद केलं.

“बाई, ती बोलत नाही!” मागून कोणीतरी म्हणालं. मी ओठांवर बोट ठेवलं. वर्ग चूप झाला. कोणाचीतरी पेन्सिल घरंगळत गेली आणि कोणी उचलायला उठलं नाही. मला दहा वेळा वाटलं, पुन्हा विचारावं. हिला ऐकूच गेलं नसेल. हिला उत्तर द्यायचंच नसेल. मी जीभ दाताखाली धरली.

“दाराजवळ,” भिंगरी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, “घंटा इकडे आहे.”

मी खिडकीबाहेर मान काढून पाहिलं. घंटा बरोबर आमच्या खिडकीच्या वर टांगलेली होती. इतके महिने मी त्या पोरीला घंटेखाली बसवून वर तिलाच विचारत होते, की तू का घाबरतेस!

तिने आपलं दप्तर उचललं, दाराजवळच्या बाकावर ठेवलं आणि जागच्या जागी गोल फिरली. वर्गाने टाळ्या वाजवायला हात उचलले, मी खुणेनेच थांबवले. सगळ्यांनी हवेतच हात हलवले. माझे डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच मला एकदम दुसरी गोष्ट दिसली.

ज्या घरात वाढणंही एकदाच विचारतात, तिथला माणूस तो. त्याने विचारलं होतं, मग तोंड बंद केलं होतं. भुवयासुद्धा उंचावल्या नव्हत्या. तो पस्तावला नव्हता. तो थांबला होता.

“अगं बाई!” मी मोठ्याने म्हणाले. मुलांना वाटलं, भिंगरीला शाबासकी आहे.

त्याच दुपारी मी मोठ्या बाईंना वर्गात घेऊन आले. त्यांनी भिंगरीला विचारलं, “कोणतं पुस्तक वाचतेस?” आणि श्वास घ्यायच्या आत, “सांग ना! गोष्टीचं का? की चित्रांचं?”

“बाई, आता गप्प बसा,” मी म्हणाले.

मुख्याध्यापिकांना असं बोलल्यावर नोकरी राहते की जाते, याचा मी त्या शांततेत हिशेब करत होते. मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्या बोलल्या नाहीत. भिंगरीने पुस्तक मिटलं, त्याचं नाव वाचून दाखवलं आणि पुन्हा उघडलं.

ऑफिसात जाईपर्यंत मोठ्या बाई गप्पच होत्या. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, “हे तिथे शिकलीस?”

“एका दिवसात एवढंच शिकले. सत्रभर राहिले तर आणखी शिकेन.”

“जा मग. तोवर तुझा वर्ग मी घेते. गप्प बसायची सवय या वयात मलाही लागली तर घरचे तुझे उपकार मानतील.”

शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात गेले. वाचनालयाला सुट्टी होती, त्यामुळे ताई मागच्या बाजूला रिकाम्या डब्या रंगांप्रमाणे लावत होती. तो गल्ला बंद करत होता. मला बघून सवयीने त्याचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

“काडी सैल झाली?”

“नाही. डोळे तपासायचेत.”

त्याने मला उंच खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, दिवा मालवला. समोर अक्षरांचा फलक उजळला. तो इतका जवळ उभा होता की त्याच्या शर्टाला लागलेला काचा पुसायच्या पाण्याचा वास येत होता.

“हे स्पष्ट… की हे?” एक काच काढून त्याने दुसरी घातली.

“हो,” मी म्हणाले.

“हो काय? पहिली की दुसरी?”

“काचेचं नाही. बसस्टॉपवरचं. त्याचं उत्तर हो.”

त्याच्या हातातली काच ट्रेमध्ये टण्णकन पडली. त्या अंधारात मला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता. एका डोळ्यावर भलत्याच नंबरची काच होती. पण तो हसत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळलं.

“मला वाटलं होतं… नाहीच म्हणणार तुम्ही,” तो हळूच म्हणाला.

“मग पुन्हा विचारायचं नाही का, माणसा! मी रोज काडी सैल करून येत होते.”

“मी तुमची घाई करत नव्हतो.”

“रोज घरी येऊन तो विचारायचा, आता विचारू का, आता विचारू का,” मागून ताई म्हणाली. “मी म्हटलं, एकदा विचारलंस ना, मग गप्प बस. पण तू फारच वेळ लावलास. मलाही एवढा लागत नाही.”

त्याने दिवा लावला. मी फ्रेम काढली, माझा चष्मा चढवला. त्या पहिल्या दिवशीसारखाच समोर त्याचा चेहरा स्पष्ट झाला, आणि या वेळी मी दुसरीकडे बघायचं नाटक केलं नाही.

“मी त्या दुसऱ्या गावचाच कोर्स घेतला,” मी म्हणाले. “सत्रभर इथे नसेन.”

“तोच घ्यायला हवा होता. मी काही त्याच्या आड…”

“थांब. आता विचारायची पाळी माझी.” मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. “दर रविवारी भेटायला येशील?”

आणि नियमाप्रमाणे मी तोंड बंद केलं, भुवया खाली ठेवल्या आणि बराच वेळ थांबायची तयारी केली.

“येईन!” माझे ओठ मिटायच्या आत तो म्हणाला.

“अरे, थांबायचं असतं.”

“ते विचारणाऱ्याने.” त्याने माझा हात हातात घेतला.

“मीही येणार,” ताई डब्या लावता लावता म्हणाली. “बसमध्ये दाराजवळची जागा माझी.”

मी एक खुर्ची सरकून बसायला तयार होतेच.